जाऊन येणाऱ्याला काय म्हणायचं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. कोणी मोटर बसवली, कोणी पट्टा चढवला, कोणी झाकण लावलं. मग मी दुकानाच्या काचेत धूळ खात बसलो. तिथून बाईंनी मला घरी आणलं.

बाई पुढच्या खोलीत नवशिक्यांना जपानी शिकवत. स्वतःच्या आवाजात त्यांनी एक कॅसेट भरली होती. सकाळी भेटलात तर ‘ओहायो गोझाइमास’. दुपारी ‘कोन्निचिवा’. कोणाला थांबवून काही विचारायचं असेल तर आधी ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा. मुलं माझ्याभोवती बसून हे घोटत. तेव्हा माझा थाट होता. शिकवणी संपली की बाई मला मऊ फडक्याने पुसत.

त्यांचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आतल्या खोलीत त्यांचं मशीन चाले. तिथूनच ते ओरडत, “अगं, ‘ओ, हाय ओ?’ असं काय विचारतेस? मी इथंच हाय.”

“तुम्ही सात जन्मांत शिकणार नाही,” बाई म्हणत.

मास्तरांना एकच शब्द येत होता, निरोपाचा ‘सायोनारा’.

पुढे मोबाइल आले. मी कपाटावर गेलो आणि माझ्यावर कापडांचे गठ्ठे आले. तिथूनच मी ते ऐकलं. एका सकाळी बाईंना हॉस्पिटलमध्ये नेत होते. त्यांना हसवायला मास्तर दारात म्हणाले, “सायोनारा.”

“अहो, जाऊन येणाऱ्याला तसं नाही म्हणायचं,” बाई म्हणाल्या. “त्याला वेगळा शब्द आहे. आल्यावर शिकवते.”

त्या आल्या नाहीत.

त्यांची मुलगी नर्स झाली आणि तिला जपानमध्ये नोकरी लागली. ती निघाली त्या दिवशी मास्तरांनी मला खाली काढलं. बॅगा दारात होत्या. रस्त्यावर गाडी उभी होती.

“बाबा, मी सांगते ना तो शब्द. मला येतो.”

“तुझी आई शिकवणार होती. तीच शिकवेल.”

“गाडीवाला हॉर्न मारतोय.”

“मारू दे. त्याचाच हॉर्न आहे.”

त्यांनी घाईघाईने कॅसेट घातली आणि बटण दाबलं. माझ्या पोटात वर्षानुवर्षांची धूळ होती, दोऱ्यांचा कोंडा होता. बाईंचा आवाज आला, “घरातून निघणारा म्हणतो, इत्तेकिमास. म्हणजे जाऊन येतो. त्यावर घरातली माणसं म्हणतात...” आणि आवाज घोगरा होत बुडाला. फीत माझ्या रबरी चाकाला गुंडाळत चालली होती. मला थांबता येईना. यंत्राला कोणीतरी थांबवावं लागतं.

मुलीने बटण बंद केलं. मास्तरांचा हात फितीकडे गेला.

“ओढू नकोस, बाबा. तुटेल. आईची दुसरी कॅसेट नाही.”

“गुंतलेला दोरा मी कधी ओढलाय का?” मास्तर म्हणाले. सुईच्या बोथट टोकाने त्यांनी एक वेढा सोडवला. पुन्हा हॉर्न वाजला. पुढचा वेढा दुमडलेला होता, त्याची कड चिरली होती. तिथे ते थांबले. त्यांनी सुई ठेवली, बोट थुंकीने ओलं केलं आणि तो वेढा नुसत्या बोटाने अलगद सरकवला. फीत निघाली. मग त्यांनी चाक शर्टाच्या टोकाने पुसलं, पेन्सिलीने फीत आत घेतली आणि पुन्हा बटण दाबलं.

“...म्हणजे जाऊन येतो. त्यावर घरातली माणसं म्हणतात, इत्तेर...” पुढचं चुरगळलेल्या फितीत खरखरून गेलं. मग शांतता. शिकणाऱ्यांनी म्हणून पाहावं, यासाठी बाईंनी सोडलेली जागा होती ती.

मुलगी उंबरठ्यावर वळली. “इत्तेकिमास, बाबा.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसताच फिरत होतो.

“जाऊन ये,” ते म्हणाले.

“बरोबर,” बाईंचा आवाज आला. “आता पुन्हा म्हणा.”

मास्तर खाली बसले.

“इत्तेराश्शाई,” मुलगी हळूच म्हणाली. “अर्थ तोच आहे.”

मास्तरांनी तो शब्द म्हटला. ती जिना उतरेपर्यंत म्हणत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी कपाटावर पडलं असेल, तर खाली काढा. पण लगेच बटण दाबू नका. आधी आतली धूळ पुसा, चाक स्वच्छ करा. फीत गुंतलीच तर ओढू नका. पट्टा तुटला तर नवा बाजारात मिळतो. आमच्यात भरलेला आवाज पुन्हा भरायला ते माणूस दर वेळी घरात नसतं.