तुमच्या पुढे किती जण?

माझे वडील तास घेताना गेले, आणि तो तास संपायचा राहिला.

किर्गिझस्तानातल्या बालिकची गावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ते संगणकशास्त्र शिकवत. फळ्याचा त्यांना कंटाळा. मुलांनी धडा ऐकू नये, स्वतः धडा व्हावं, असं ते म्हणत. दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत कायमचे कसे अडकतात हे दाखवायला ते गावातल्या दोन म्हाताऱ्यांना चहाला बोलवत आणि वर्गाच्या दारात सोडून देत. "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" यातच तास संपे. चहा निवून जाई, पण मुलं ते आयुष्यात विसरत नसत.

त्या दिवशी विषय होता, प्रोग्रॅम स्वतःच स्वतःला कसा बोलावतो. मुलांची रांग वर्गातून निघून जिन्याने खाली, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली होती. प्रत्येकाने आपल्या पुढच्याला विचारायचं, तुमच्या पुढे किती जण? त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तो त्याच्या पुढच्याला विचारतो. सगळ्यात पुढचा म्हणतो, कोणी नाही. मग प्रत्येक जण त्यात एक मिळवून मागच्याला सांगतो. नियम दोनच. अंदाज बांधायचा नाही, आणि उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. सगळ्यात पुढे, फाटकाबाहेर, वडील उभे होते. त्यांच्या मागच्या कुबात नावाच्या मुलाने त्यांना प्रश्न विचारला, त्यांनी तोंड उघडलं, आणि ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

रांग तशीच राहिली. दफनाला मुलं रांगेतच आली, त्याच क्रमाने मूठमूठ माती टाकून त्याच क्रमाने परत जाऊन उभी राहिली. आया कणकेचे बोरसोक तळून आणू लागल्या, मटणाचा रस्सा उभ्या उभ्या पाजू लागल्या. बाकीचे प्राध्यापक रांगेच्या कडेने चालत आपापले विषय शिकवू लागले. बिश्केकहून तपासणी समिती आली, तिने फोटो काढले, शंभर टक्के हजेरी पाहून खूश झाली आणि 'सक्रिय अध्यापनाचा आदर्श नमुना' असा शेरा मारून गेली.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा विभागप्रमुख उस्मोनालियेव स्वतःच वडिलांच्या जागी जाऊन उभे राहिले.

"अगाय, तुमच्या पुढे किती जण?" कुबातने रीतसर विचारलं. सरांना आमच्याकडे अगायच म्हणतात.

वरच्यांना विचारल्याशिवाय उत्तर द्यायची उस्मोनालियेवना सवय उरली नव्हती. त्यांनी मंत्रालयात फोन लावला. मंत्रालय म्हणालं, वर विचारून कळवतो.

मग त्या जागी कुबातचे आजोबा उभे राहिले. ते आपल्या वडिलांचं नाव सांगून आजोबांकडे वळले, तिथून पणजोबांकडे. सात पिढ्या आमच्यात सगळ्यांनाच पाठ असतात, तेव्हा सातव्याला ते थांबतील असं मुलांना वाटलं. पण सातव्यालाही बाप होताच. अंधार पडायला लागला.

"आजोबा, पुरे. हे संपणारं नाही," कुबात म्हणाला.

"कसं संपेल?" म्हातारा उखडला. "तुझं घराणं काय उकिरड्यावर सापडलं होतं?"

दुसऱ्या दिवशी उस्मोनालियेव ग्रंथालयात, माझ्या कामाच्या टेबलापाशी आले.

"बुरुलचा, पोरी, तू चल. दोनच शब्द बोलायचेत."

"शब्द ठाऊक आहेत मला."

"मग घोडं अडलंय कुठे? पोरं वाऱ्यात उभी आहेत. परीक्षेला बसली नाहीत तर वर्ष जाईल त्यांचं."

"अंदाजाने सांगितलेलं चालत नाही, अगाय."

"यात अंदाज कसला? आई तुझी केव्हाच गेली. आणि आता..."

त्यांना कसं सांगणार? सकाळी मी अजून दोघांचा चहा टाकत होते. मला कोणी विचारलं असतं तर माझ्या पुढे एक जण होता. मी खोटं बोलले असते तर कुबातला कळलं नसतं. पण मागचे सगळे त्या खोट्यातच एकेक मिळवत गेले असते.

तरी मी गेले. खिंडीकडून उलान नावाचा आमचा बोचरा वारा सुटला होता. कुबातच्या मागे चिनारा नावाची मुलगी उभ्या उभ्या पेंगत होती. मला पाहून तिने त्याला कोपर मारलं.

"ए, ताई आल्या. शर्ट खोच."

"इतके दिवस नाही खोचला, आता कशाला?"

"बावळट दिसतोस म्हणून."

त्याने शर्ट खोचला. मी पुढे जाऊन उभी राहिले.

"ताई, तुमच्या पुढे किती जण?"

"थांब जरा."

"थांबलोच आहोत. दुसरं काय करतोय?"

"उत्तर तुला माहीत आहे ना रे?"

"माहीत आहे. पण कोणी सांगितलेलं नाही."

मी समोर पाहिलं. रस्ता होता, वाळवलेले मासे विकणाऱ्या बाया होत्या, त्यापलीकडे सरोवर. बराच वेळ पाहिलं. पाठमोरं कोणी दिसेना.

"कोणी नाही," मी म्हटलं. मग कुबातकडे वळून पुन्हा म्हटलं, "माझ्या पुढे कोणी नाही."

"एक," कुबात मागे वळून म्हणाला.

"दोन," चिनारा.

आकडे अंगण ओलांडून गेले, जिना चढले, दिसेनासे झाले. वरच्या खिडकीतून शेवटच्या मुलाचा चिरका आवाज आला, मागोमाग टाळ्या, आणि मग सगळी रांग एकदम शौचालयाकडे धावत सुटली.

"कुबात!" मी हाक मारली. "पुढच्याने आता काय करायचं?"

"तो तर सगळ्यांच्या आधी मोकळा होतो, ताई!" तो पळता पळता ओरडला.

मी तिथेच उभी होते. पिशवी घेतलेली एक बाई माझ्यापाशी येऊन थांबली.

"रांगेत शेवटचं कोण?"

"मीच."

"काय मिळतंय?"

"काही नाही."

तिने मला खालीवर न्याहाळलं, पिशवी जमिनीवर ठेवली आणि माझ्या मागे उभी राहिली.