रिकामं खोगीर

दिवंगत नेत्याच्या अंत्ययात्रेत त्याचा घोडा चालला होता. त्या यात्रेचा एकमेव फोटो साफ करायला संग्रहालयाने जिच्याकडे दिला, ती त्याच घोड्याच्या मोतद्दाराची नात होती.

स्वार बोलला की घोडा कान मागे वळवतो, हे आजोबांनीच तिला शिकवलं होतं. तेच आजोबा पुढे जन्मभर चालता चालता मान वर करून “हो, साहेब” म्हणत राहिले. आजी वैतागायची, “साहेब गेले, हे यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं.”

तिने बुरशी पुसली. सगळी गर्दी पार्थिवाकडे पाहत होती. लगाम धरलेले आजोबा तेवढे रिकाम्या खोगिराकडे बघत होते. म्हणजे डोकं तेव्हाच फिरलं होतं तर, तिला वाटलं.

मग घोड्याचं डोकं स्वच्छ झालं. त्याचे दोन्ही कान मागे वळले होते.