विहिरीतल्या नऊ गाठी

दहावीत गेल्यापासून मी घरात मान वर करून बोलायला लागले आहे. आत्याच्या मते ती खाली कशी करायची तेच विसरले आहे. असो. या वेळी मुद्दाच तसा होता. आमची लिंबाची चाळीस झाडं, सात वर्षं लेकरांसारखी वाढवलेली, यंदा पहिल्यांदाच लगडली होती. आणि पावसाला अजून दोन महिने होते.

रोज सकाळी मी दगड बांधलेला दोर विहिरीत तळापर्यंत सोडायचे. दोराला हात-हात अंतरावर गाठी. किती गाठी भिजल्या ते मोजायचं. रविवारी नऊ भरल्या. दर चार दिवसांनी एक कमी होत होती.

"नऊ चोक छत्तीस दिवस," जेवताना मी जाहीर केलं. "दोन महिने काही निघत नाहीत. निम्म्या झाडांची फळं आत्ताच उतरवू. बिनफळाचं झाड घोटभर पाण्यावर तगतं. बाकीच्यांना मग पुरेल."

"ऐका, मास्तरीणबाई बोलल्या," आत्या म्हणाली. "हातातोंडाशी आलेला घास म्हणे टाकून द्या."

"झाडंच वाळली तर घास कुठून आणशील?"

बाबा ताटात बोट फिरवत होते. "हिशोब कोणी तपासला?"

"मीच. दोनदा."

"विहीर खोदली तेव्हा तू पाळण्यात होतीस," ते हळूच म्हणाले. "तळाचे पाच हात कातळ आहे. तिथे आम्ही विहिरीचा निम्माच भाग खोदला, बाकी कातळ तसाच ठेवला. अंगात जोर उरला नव्हता."

म्हणजे खालच्या पाच गाठी अडीचच्याच. छत्तीस दिवसांचे सव्वीस. वहीत मी विहीर पट्टीने आखली होती, वरपासून खालपर्यंत सारखी.

"मग निम्म्यांनी भागत नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"नाही भागत. सगळी उतरवू. बोललीस ते बरोबरच होतं, थोडं कमी पडलं एवढंच."

वाद जिंकून इतकं वाईट वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

पहिली पाटी आत्यानेच उचलली. मी घाईघाईने एक हिरवं लिंबू ओढलं, तशी तिने माझा हात धरला.

"ओढू नकोस गं. पिरगळून काढ. फांदी दुखावली तर पुढच्या वर्षी काय मोजशील?"

मी पिरगळलं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं अकराव्या झाडापर्यंत पोचलो.