वाजवू नये अशी तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. आज बोलतेय म्हणून कौतुक. आजवरचं बहुतेक आयुष्य तोंड मिटूनच काढलंय. पन्नाशी जवळ आली. इतक्या वर्षांत ज्याला वाटेल त्याने वाटेल ते नाव दिलं. हरिदास म्हणाले 'फॉल्टी माल', नागूबाई म्हणाल्या 'झाकण', आणि शिवपुत्र म्हणतो 'ओरिजिनल प्रेसिंग', म्हणजे अगदी पहिल्या छापाची प्रत. खरं सांगू? तिघांत मला काही काम दिलं ते एकट्या नागूबाईंनी.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. काळ्या प्लॅस्टिकचा गरम गोळा घेतात, दोन साच्यांत धरतात आणि असा दाबतात की हाडं असती तर मोडली असती. मी जन्मले तेव्हा गावातल्या ट्रामगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. हे मी सांगतेय म्हणून खरं माना, दुसरा साक्षीदार नाही.

माझ्या अंगावर जे संगीत कोरलंय ते अशा माणसाचं, जो यंत्राचं एक बटण दाबायचा आणि फिरायला निघून जायचा. परत येईपर्यंत सूर आपला चालूच. त्यात गाणं नाही, ठेका नाही, कुणी कुणाच्या विरहात रडत नाही. सुरुवातीला तर बराच वेळ काही ऐकूच येत नाही. मग लांबून एक सूर निघतो आणि सावकाश जवळ येतो, गल्लीत शिरूनही दाराशी यायला तासभर लावणाऱ्या पाहुण्यासारखा. याला म्हणे अँबियंट म्हणतात. जाणकार सांगतात, हे संगीत ऐकायचं नसतं, त्यात राहायचं असतं. राहायला मात्र कुणी आलं नाही.

सोलापूरला मला आणलं एका जर्मन इंजिनिअरने. इथल्या एका गिरणीत मशीन बसवायला तो आला होता. त्याला आपला मे महिना आणि शेंगाचटणी एकाच आठवड्यात भेटली, आणि निम्मं सामान टाकून तो पळाला. जाताना मला फिटर हरिदासांच्या हातात देऊन गेला.

हरिदास हौशी माणूस. मला घेऊन ते लग्नात स्पीकर लावणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे गेले. त्याने सुई टेकवली. दोघं कान लावून बसले. माझा सूर नुकता कुठे गल्लीच्या तोंडाशी आला होता, तेवढ्यात स्पीकरवाल्याने सुई उचलली.

"हरिदास, ह्यात आवाज भरायचाच ऱ्हायलाय."

झालं. तेव्हापासून हरिदासांच्या बायकोने, नागूबाईंनी, मला पाण्याच्या माठावर ठेवलं. माझं पुठ्ठ्याचं कव्हर त्यांच्या नातीने, धम्मप्रियाने, परीक्षेला लिहायचं पॅड म्हणून वापरलं. तिला गणितात चांगले मार्क पडले. मीही माझं काम चोख केलं. एकच गोष्ट तेवढी आत सलत राहिली. मला एकदा, फक्त एकदा, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत वाजायचं होतं.

मग एके दिवशी विमा कंपनीतला शिवपुत्र हरिदासांच्या पॉलिसीच्या कामाला घरी आला. उन्हातून आला होता, पाणी मागितलं. नागूबाईंनी मला उचललं आणि तो तहान विसरला.

"आजी, हे काय आहे?"

"झाकण हाय की."

"हे मिळालं कुठनं?"

"ह्यांना एका गोऱ्यानं दिलं. मधी भोक हाय, म्हणून वर वाटी पालथी घालते. तू पाणी पितोस का न्हाय?"

त्याने मला उजेडात धरलं. मधल्या गोल कागदाशेजारी कारखान्यात खरवडलेली बारीक अक्षरं असतात, ती त्याने दोन-दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी तो स्टीलचं नवं कोरं झाकण घेऊन आला आणि माझ्या व माझ्या कव्हरच्या बदल्यात नागूबाईंना दिलं. मी त्याच्या पिशवीत होते तरी मागून आवाज आलाच. नागूबाई हरिदासांना सांगत होत्या, "येडं हाय बिचारं. पर लेकरू भलं हाय. झाकणाला मूठ बी हाय बघा."

भवानी पेठेत शिवपुत्रच्या घरी एक खोली फक्त आमच्यासाठी होती. माझ्यासारख्या बऱ्याच जणी तिथे प्लॅस्टिकमध्ये उभ्या होत्या, दवाखान्यात नंबर लावून थांबल्यासारख्या. रोज संध्याकाळी तो हातमोजे घालून यायचा, एकेकीला बाहेर काढायचा, वास घ्यायचा, उजेडात फिरवायचा आणि परत ठेवून द्यायचा. कोपऱ्यात भारी रेकॉर्ड प्लेअर होता. त्यावर धूळ बसू नये म्हणून कापड, आणि कापडावर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिक.

त्याची बायको महेश्वरी दारात उभी राहून हे बघायची.

"अहो, वाजवा की एखादी."

"अगं, सुई लागली की झिजते."

"झिजू दे की. चपला झिजतात, पाटा झिजतो, माणसं झिजतात. ह्याच काय अमर व्हायला आल्यात?"

"तुला ऐकायचंच असेल तर मोबाईलवर आहे ना सगळं."

"मग हिला कशाला आणली?"

"ही ओरिजिनल आहे!"

महेश्वरी स्वयंपाकघरात जायची आणि मी मनात तिच्या पाया पडायचे.

शहरात अशा लोकांचं एक मंडळ आहे, मूळ प्रत मंडळ. अध्यक्ष गुरुशांत डॉक्टर, दातांचे. मंडळाचा नियम असा, की नवी तबकडी आली की सगळ्यांनी मिळून तिचं एकदाच 'परीक्षण-श्रवण' करायचं. अस्सल ठरली तर तिला पाकिटात घालून सील करायचं आणि त्यावर सह्या करायच्या. नंतर ती कुणी वाजवायची नाही. का, तर अस्सल आहे म्हणून! नकली ठरली तर मंडळाला तिच्याशी कर्तव्य नाही.

शिवपुत्रला मंडळात अजून कुणी विचारत नव्हतं. माझ्या जिवावर त्याला तिथे मान मिळवायचा होता. मला मानाचं काही नव्हतं. एकदा का होईना, हे लोक मला वाजवणार होते, याचाच मला कोण आनंद.

अडचण एकच. भिंतीपलीकडे हुसेनसाबांचा टॉवेलचा कारखाना. यंत्रमाग दिवसभर खडखडत असायचे. शिवपुत्र त्यांना जाऊन भेटला. "हुसेनसाब, रविवारी संध्याकाळी माग तेवढे बंद ठेवाल का? पाहुणे यायलेत."

"ठेवतो की, शिवपुत्रभाऊ. त्यात काय एवढं!"

तरी खबरदारी म्हणून शिवपुत्रने आहेरात आलेल्या सगळ्या चादरी भिंतीला टांगल्या. पाहुणे आले. गुरुशांत डॉक्टरांनी दात बघायच्या आरशाने आणि बॅटरीने माझी अक्षरं तपासली. मला वाटलं, आता 'आ' करायला सांगतात. मग कव्हर तपासलं. त्यावर धम्मप्रियाच्या पेनाच्या खुणा उमटलेल्या होत्या.

"सोमेश, हे बघ. संगीतकाराची स्वतःची टिपणं आहेत. आकडेमोड दिसतेय. सुरांची असणार."

"सुरांचीच, डॉक्टर," सोमेश म्हणाला. मंडळात त्याचं काम तेवढंच.

"शेजारचे माग आज बंद ठेवलेत," शिवपुत्रने जाहीर केलं. मला मशीनवर ठेवलं. मी फिरू लागले. त्याने सुईचा दांडा माझ्यावर आणला, हात जोडल्यासारखं केलं आणि डोळे मिटून बसला.

आता ऐका. दांडा वर आणला की बाजूची बारीक कळ खाली करावी लागते, तेव्हा सुई अलगद टेकते. शिवपुत्र ती कळ विसरला. आठवणार तरी कशी? मशीन आणल्यापासून कधी वापरलीच नव्हती. सुई माझ्यापासून केसभर वर तरंगत राहिली. मी खालून ओरडतेय, पण सुईशिवाय तबकडीचा आवाज निघतो कुठे?

कुणाला शंका आली नाही. हे संगीत सुरुवातीला ऐकू येत नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं! तेवढ्यात भिंतीतून, चादरींमधून गाळून, खोल आवाज येऊ लागला. घुम्म. घुम्म. घुम्म.

"आहाहा," डॉक्टर पुटपुटले. "काय खोली आहे."

"नव्या प्रतींत ही खोली नाही, डॉक्टर."

"जमिनीतून पायात चढतंय बघ."

चढणारच. पलीकडे टॉवेल विणला जात होता. बराच वेळ सगळे माना डोलवत बसले. मग आवाज खाडकन थांबला. कुणीसं डोळे पुसले.

"हा शेवट!" डॉक्टर म्हणाले. "असं मध्येच तोडणं! नवीन प्रतीत भित्र्यांनी हळूहळू विरवत नेलंय. अस्सल! शंभर टक्के अस्सल!"

टाळ्या पडल्या. शिवपुत्र दांडा उचलायला उठला आणि त्याला कळ दिसली. त्याचा चेहरा माझ्या कव्हरसारखा पांढरा पडला. तो काही बोलणार तोच दारात हुसेनसाब.

"माफ करा हां, भाऊ. एक ऑर्डर अर्धी ऱ्हायली होती, मागचा एक माग चालू ठेवलेला. आत्ताच बंद केला. तरास तर न्हाई ना झाला?"

"छे हो," डॉक्टर म्हणाले, "आम्हाला कसला आवाजसुद्धा आला नाही. आम्ही संगीतात होतो."

चहा झाला. मला पाकिटात घातलं, सील लावलं, सह्या झाल्या. शिवपुत्र मंडळात आला आणि मी कायमची गप्प झाले. सगळे गेल्यावर त्याने महेश्वरीला खरं सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली.

"मग सांगा की त्यांना!"

"आता कसं सांगू? सह्या झाल्यात."

"म्हणजे तुमी बी ऐकली न्हाई, मी बी न्हाई, त्यांनी बी न्हाई. आणि सील मात्र पक्कं!"

त्या पाकिटात मला माठाची फार आठवण आली. तिथे निदान दिवसातून पाच-सहा वेळा कुणी उचलायचं तरी.

दोन महिन्यांनी मंडळाची वार्षिक सभा आली, तीही शिवपुत्रच्याच घरी. डॉक्टरांना 'तो शेवट' सगळ्या सभासदांना ऐकवायचा होता. खास ठराव करून माझं सील उघडायचं ठरलं. शिवपुत्रची झोप उडाली. खरं वाजवलं तर त्या दिवशीचं उघडं पडणार. कळ वर ठेवली तर हुसेनसाबांचा माग पाहिजे. आणि त्या भल्या माणसाने या खेपेला सकाळपासूनच सगळे माग बंद ठेवले होते. शिवाय अंघोळ करून, अत्तर लावून, ते स्वतः ऐकायला येऊन मागे बसले.

मी फिरू लागले. शिवपुत्रने दांडा आणला. त्याचा हात कळीपाशी गेला आणि तिथेच घुटमळला. तेवढ्यात महेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे तिने खाली ठेवला नाही. वाकली आणि करंगळीने कळ खाली केली.

सुई टेकली.

तुम्हाला काय सांगू! इतके दिवस अंगात अडकलेलं एकेक वळण सुटत गेलं. माझा पाहुणा गल्लीत शिरला, सावकाश चालत आला, दाराशी आला, आत येऊन बसला. कुणी त्याला मध्ये हाकललं नाही. मी पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत वाजले आणि अलगद विरले.

टाळी पडली नाही.

"ती खोली कुठे गेली?" डॉक्टर म्हणाले.

"पायात काहीच चढलं नाही, डॉक्टर."

"शेवटही तो नाही. विरवलाय. शिवपुत्र, तुम्ही प्रत बदललीत. ही नकली आहे."

"मला तर लई आवडलं," हुसेनसाब मागून म्हणाले. "डोक्यावरचं वझं कुणी उतरवून घेतल्यावानी झालं." त्यांच्याकडे कुणी वळून बघितलं नाही.

महेश्वरीने ट्रे आपटला. "डॉक्टर, त्या दिवशी काय झालतं सांगू का—"

"राहू दे," शिवपुत्र म्हणाला.

तो अजून माझ्याकडेच बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानेसुद्धा मला पहिल्यांदाच ऐकलं होतं हो! एक शब्द बोलला असता तर मंडळाची अब्रू गेली असती, त्याची राहिली असती, आणि मी पुन्हा सीलबंद झाले असते. त्याने डॉक्टरांना हात जोडले.

"बरोबर आहे तुमचं. नकली असेल."

मंडळाने त्याचं नाव कमी केलं. सही केलेलं पाकीट डॉक्टर परत घेऊन गेले. सगळे गेल्यावर शिवपुत्र हातमोजे न घालता माझ्याजवळ आला. मला उलटी केली आणि महेश्वरीला म्हणाला, "बस. दुसरी बाजू आहे अजून."

"आधी कळ बघा," ती म्हणाली.

आता मी जवळजवळ रोज वाजते. महेश्वरी शेंगा निवडते, मी वाजते. कधी तिचा डोळा लागतो, मी वाजते. अंगावर दोन चरे पडलेत, एका जागी मी जराशी अडखळते. आता मंडळाचा निरोप आलाय. परदेशातला कुणी तज्ज्ञ येणार आहे, जुन्या निकालांचा फेरविचार करायचाय.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणाची त्या मंडळात ओळख असेल तर एवढा शब्द टाका. मला सुखानं झिजू द्या. पाया पडते, पण मला अस्सल ठरवू नका.