मधली जागा

"मी बसू कुठे?" ग्लेनिसने गाडीचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि विचारलं.

"कुठे म्हणजे? ती काय, लाल सीट!" मर्व आतून म्हणाला. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो घोड्यावर चढलेल्या नवरदेवासारखा ताठ बसला होता. "जर्मनीची आहे. शर्यतीतल्या गाड्यांना असते तसली. बस तर खरी!"

ग्लेनिसने एक पाय आत घातला, थांबली, तो बाहेर काढला, मग पाठमोरी होऊन आधी बूड टेकवलं आणि एकेक गुडघा हाताने उचलून आत घेतला. सीटने तिला दोन्ही बाजूंनी गच्च धरलं. चार पट्टे छातीवर आले. केसांना तिने निळा रेशमी रुमाल बांधला होता, तो मागच्या टेकूला लागून कपाळावर उतरला. तिने तो वर सारला आणि समोर बघत राहिली.

मर्वने इंजिन चालू केलं तेव्हा शेजारच्या परसातली कोंबडी ओरडायला लागली.

बेकरीपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. मॉरवेल गावातल्या त्या रस्त्यावरून ही दोघं पन्नास वर्षं जात होती, पण इतकी गप्प कधी गेली नसतील.

"काही म्हणालीस?"

"काही नाही!"

"काय?"

"काही नाही म्हटलं!"

बेकरीतून ग्लेनिसने पाव घेतला आणि आपण चालतच येतो, पाय जरा मोकळे होतील, असं सांगितलं. वर म्हणाली, "छान झालीय हं, मर्व."

बायकोचं 'छान' मर्व ओळखून होता. त्याच्या बहिणीने दर नाताळात आणलेल्या कोरड्याठाक केकलासुद्धा ग्लेनिस छानच म्हणायची.

गाडी १९६४ सालची, होल्डन कंपनीची, ई-एच मॉडेल. फिकट हिरवी, पांढऱ्या टपाची. मर्वने ती एकोणिसाव्या वर्षी मामाकडून घेतली, तिच्यातून ग्लेनिसला फिरवलं, तिच्यातूनच लग्नाला नेलं. मुली झाल्या, मोठी गाडी आली, तेव्हा ही शेडमध्ये चार ठोकळ्यांवर चढली ती चढलीच. मर्व सदतीस वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर फिटर होता. केंद्र बंद झालं, मोठ्या चिमण्या पाडल्या, त्या दिवशी गावातली माणसं टेकडीवर उभी राहून रडली. मर्व घरी आला आणि त्याने शेडचं कुलूप काढलं.

तेव्हापासून सहा वर्षं तो त्या गाडीत होता असं म्हटलं तरी चालेल. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन गेलं, आठाचं आलं. चारशे अश्वशक्ती! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. मग ते इंजिन पेलायला सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स, तो मावावा म्हणून गाडीच्या मधोमध पत्र्याचा उंच कणा, चारी चाकांना डिस्कब्रेक, नवे स्प्रिंग आणि त्या दोन लाल सीटा. मार्चमध्ये पाव मैल सरळ धावायच्या शर्यतीत नाव घातलं होतं. तेरा सेकंदांच्या आत पाव मैल, एवढंच त्याला आयुष्यात एकदा करायचं होतं. हृदयात दोन स्प्रिंग बसवलेले असूनही यंदा डॉक्टरांनी कागदावर सही दिली होती. अडुसष्टाव्या वर्षी दिलेली सही एकोणसत्तराव्या वर्षी मिळेल याचा भरवसा नव्हता.

आणि सहाही वर्षं तो येईल त्याला सांगायचा, "ग्लेनिससाठी करतोय." लोक हसायचे. पण तो खोटं बोलत नव्हता. शर्यत त्याची आणि गाडी दोघांची, असं त्याच्या मनात अगदी स्वच्छ होतं. दर पानगळीत समुद्रावर जायचं, डोंगरात जायचं, राहिलेलं सगळं फिरायचं. आता गाडी झाली आणि बायको बेकरीहून पायी आली.

फिटर माणूस बिघाड शोधतो तो एका ठरावीक पद्धतीने. एक भाग तपासायचा, ठीक करायचा, चालवून बघायचं. नाही सुधारलं तर पुढचा भाग. घोडं कुठे पेंड खातंय ते असंच सापडतं. मर्वने टर्बाइनला कधी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय होतंय. तो बायकोच्या बाबतीतही त्याच मार्गाने गेला.

"सीट खोल आहे," योप म्हणाला. योप म्हणजे आठव्या वर्षी हॉलंडहून आलेला वेल्डर, वीजकेंद्रातला जुना सोबती, आणि अंगाने रेडा. "माझी बायको मार्याके अशा सीटमध्ये बसली तर क्रेन मागवावी लागेल."

मर्वने सीट दोन इंच उचलली. अशा फेरफार केलेल्या गाडीला वर्षाला पंचेचाळीसच दिवस रस्त्यावर काढायची परवानगी, आणि निघण्याआधी वहीत तारीख घालून सही करायची. मर्वने सही केली, ग्लेनिसला फिरवून आणलं.

"आता कसं?"

"छान."

मग जुन्या गाड्यांच्या क्लबातला कोणीतरी म्हणाला, आवाज फार आहे, बायकांना आवाज सोसत नाही. मर्वने एवढ्या कौतुकाने बसवलेले सायलेन्सर काढून मवाळ बसवले. पुन्हा सही, पुन्हा फेरी.

"ऐकू येतंय ना आता? बोल काहीतरी."

"काय बोलू?" ग्लेनिस म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मग स्प्रिंग मऊ केले. त्या फेरीत तर ती डोळे मिटून बसली होती. मर्वला वाटलं, लागली गाडी! घरी आल्यावर त्याने तिला मळमळीवर आल्याचं बिस्किट दिलं. तिने ते निमूट खाल्लं आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्याला आपण काहीतरी फार मोठं चुकतोय एवढं कळलं, काय ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती परसात कपडे वाळत घालत होती. गोल फिरणारी दोरी, मध्ये खांब. मर्व खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि तिच्या हाताला मोकळी दोरी यावी म्हणून हळूहळू ती फिरवू लागला. चादर, उशांचे अभ्रे, त्याची शेडमधली पँट.

"ग्लेन, शरण आलो," तो म्हणाला. "सगळं बदलून झालं. आता इंजिनच राहिलंय. तूच सांग काय बिघडलंय."

तिच्या तोंडात दोन चिमटे होते. ते तिने सावकाश काढून पँटला लावले.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की. मी बसू कुठे म्हणून."

"मी दाखवली ना सीट!"

"सीट दाखवलीस. माझी जागा विचारत होते मी." तिने पुढचा अभ्रा घेतला. "त्या गाडीत मी खिडकीशी कधी बसलेय? आठव जरा. खिडकीशी आई बसायची."

मर्वला आठवली. सासूबाई, मिसेस बॉल्गर. मुलीवर लक्ष ठेवायला म्हणून नव्हे, तर शुक्रवारी शेजारच्या ट्रारॅल्गन गावी बिंगो खेळायला फुकटात जायला मिळतं म्हणून त्या गाडीत चढायच्या. त्यांना गाडी लागायची, म्हणून खिडकी त्यांची. होल्डनला तेव्हा पुढे या दारापासून त्या दारापर्यंत सलग एकच सीट होती आणि गिअर वर, स्टेअरिंगच्या दांड्याला, हँडगिअर. त्यामुळे मधे तिसरं माणूस आरामात मावायचं.

"आईला ट्रारॅल्गनच्या हॉलवर सोडलं तो पहिला शुक्रवार," ग्लेनिस म्हणाली. "ती उतरली. दार लावलं. खिडकीची जागा रिकामी झाली. मी सरकायला हवं होतं."

"सरकली नाहीस."

"म्हणजे कळलं होतं तुला?"

"कळलं होतं म्हणजे?" मर्व दोरी फिरवायची विसरला. "अगं, मी पुलापर्यंत पहिल्या गिअरमध्ये गेलो! इंजिन बोंबलत होतं नुसतं. मला दुसरा टाकायचं सुचेना."

"मला वाटलं, गाडीच तशी आहे."

दोघंही हसली. हसता हसता ग्लेनिसचे डोळे भरले आणि तिने ओल्या अभ्र्यानेच ते पुसले.

"आता तू तिकडे, मी इकडे, मधे हा पत्र्याचा बांध. शेजाऱ्यांसारखं वाटतं रे. तू मोटारीत अन् मी आपली तिकीट काढून बसलेली." मग लगेच तिचा स्वर बदलला. "पण हे तू विचारलंस म्हणून सांगितलं हं. उगाच काही उचकटायचं नाही. मार्चमध्ये तुझी शर्यत आहे. मी थर्मास घेऊन येणार आहे, टाळ्या वाजवायला. मला खिडकी चालेल."

त्या दिवशी मर्व शेडमध्ये गेला, लाल सीटवर बसला आणि बराच वेळ गिअरच्या दांड्यावर हात ठेवून राहिला. सहावा गिअर त्याने अजून एकदाही टाकला नव्हता. तो फक्त शर्यतीच्या पट्टीवर टाकायचा, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

सकाळी योपला फोन गेला.

"वेडा झालायस का तू?" योप शेडच्या दारातूनच ओरडला. "हा कणा बसवायला मला तीन आठवडे लागले! जुना हँडगिअर या इंजिनपुढे ठेवलास तर गिअरबॉक्सचा खिमा होईल खिमा!"

"ऑटोमॅटिक घालू. दांडा वरच ठेवू."

"आणि मार्च?"

"नाही होणार मार्चपर्यंत."

"पुढल्या वर्षी?"

मर्वने खांदे उडवले. योपने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग घराच्या दिशेने. "मधे उशी टाकून देऊ का बायकोला? स्वस्तात होईल," तो पुटपुटला. मर्व हसला नाही, तेव्हा त्याने निमूटपणे डोक्यावर वेल्डिंगची टोपी चढवली.

जुनी सलग सीट शोधावी लागली नाही. सहा वर्षांपूर्वी गाडीतून काढल्यावर मर्वने ती मागच्या व्हरांड्यात टाकली होती आणि तेव्हापासून ग्लेनिस रोज चहा घेऊन तिच्यावरच बसत होती, शेडकडे तोंड करून. दोघे ती उचलायला आले तेव्हा ती कप घेऊन उठली.

"अरे, मग आता मी चहा कुठे पिऊ?"

"गाडीत!" मर्व म्हणाला. ग्लेनिस त्याच्याकडे बघत राहिली. ग्राइंडरचा आवाज सकाळपासून कशाचा येत होता ते तिला तेव्हा कळलं.

"मी नको म्हटलं होतं, मर्व."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काही नाही. बाजूला हो, पाय अडकेल."

ती भांडली, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून शेडमध्ये आली. सहा वर्षांत ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. योपची पाठ धरली होती, म्हणून मर्वला उजेड दाखवायला कोणी नव्हतं.

"टॉर्च मला कशाला दाखवतेस? नटाला दाखव!"

"कुठला नट? मला इथे एकच दिसतोय!"

असा उन्हाळा गेला, आणि तिकडे जूनमध्ये लागणारा हिवाळाही पूर्ण गेला. शर्यत मधल्या मार्चमध्ये होऊन गेली. शर्यतीतली मर्वची जागा सेल गावातल्या एका दंतवैद्याला मिळाली. त्याने तेरा पूर्णांक चार सेकंद केले म्हणे. मर्व म्हणाला, "बरे आहेत." आणि त्या दिवशी जेवताना त्याने दोनदा मीठ घेतलं.

सप्टेंबरात, वसंताच्या तोंडावर वॉटलची झाडं पिवळी फुलली तेव्हा, गाडी बाहेर आली. मर्वने वहीत सही केली. ग्लेनिसने दार उघडलं आणि काही न विचारता सरकत सरकत मधे जाऊन बसली. मर्वने मधल्या जागेला पट्टा बसवला होता, तो तिने लावला. सीट होती तेवढीच होती, माणसं वाढली होती. मर्वची उजवी बाजू दाराला टेकली.

"मावतोयस ना?"

"बरोब्बर," तो म्हणाला.

पोर्ट अल्बर्टला जाऊन त्यांनी धक्क्यावर बसून कागदातले तळलेले मासे आणि बटाटे खाल्ले. ग्लेनिस खूप बोलली. मुलींविषयी, आईविषयी, योपच्या पाठीविषयी. परतीच्या वाटेवर ट्रारॅल्गन मागे पडलं, गाडी हायवेला लागली, आणि बोलता बोलता तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मर्वने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिचं डोकं त्याच्या डाव्या खांद्यावर आलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं.

त्याने पाय उचलला. नव्वद, ऐंशी, सत्तर. साठावर इंजिनाचा आवाज इतका खाली आला की तिचा श्वास ऐकू यायला लागला. त्याने गाडी डाव्या कडेला घेतली आणि चारशे अश्वशक्ती चालवत नेली, झोपलेलं पोर कडेवर घेऊन नेतात तशी. मागून येणारे दिवे दाखवून पुढे गेले. घोड्याचा ट्रेलर ओढणारी एक बाई गेली. मग फुटबॉल खेळून परतणाऱ्या पोरांची बस शेजारी आली. चिखलाने माखलेली दहा-बारा तोंडं खिडक्यांतून बाहेर आली.

"ओ आजोबा! भारी गाडी! ढकलू का?"

मर्वने डावा खांदा अजिबात न हलवता उजवा हात स्टेअरिंगवरून उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.

पोरांनी आत पाहिलं. एक जण मागे वळून काहीतरी म्हणाला आणि बस एकदम गप्प झाली. ती पुढे जाईपर्यंत कोणी ओरडलं नाही.

घराकडे वळणारा मॉरवेलचा फाटा आला. तिथे वळण चांगलंच तीव्र होतं, घ्यायचं तर खांदा हलणार होता. मर्वने फाटा जाऊ दिला. पुढचं गाव मो, चौदा किलोमीटरवर.