चौदा तारखेपासूनची परवानगी

चाकूरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात कागदपत्रं म्हटली की आनंदराज. बावीस वर्षांत त्याच्या फायलीत कुणाला खोट सापडली नव्हती, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला केनियाहून आलेल्या डॉक्टर अचिएंग यांची तात्पुरती परवानगीही त्यानंच काढलेली. अर्जात ‘कधीपासून’ असा रकाना होता. बाई दोन एप्रिलला येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी पठ्ठ्यानं लिहिलं चौदा एप्रिल. का, तर बाबासाहेबांच्या जयंतीला पाहुणीनं कामाला हात घालावा, एवढी हौस! मेडिकल कौन्सिलनं तीच तारीख छापून पाठवली. तोवर बाईंनी नुसतं बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही.

आणि दहा तारखेला भर दुपारी त्याची लेक विशाखा तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली, ठणठणीत. पण विशाखाचं रक्त काही थांबेना.

“भाऊ, इंजेक्शनं देऊन झाली, सलाईन चालू हाय,” पारूबाई सिस्टर बाहेर येऊन म्हणाली. “काईच उपेग होऊन न्हाई राहिला. लई जाऊन राहिलं रगत.”

ॲम्बुलन्स जळकोटला गेलेली. दवाखान्याचे मोठे डॉक्टर शिवमूर्ती लातूरला. दाराशी डॉक्टर अचिएंग उभ्या होत्या, हात पाठीमागं घट्ट धरून. त्यांच्या देशात त्यांनी अशा कितीतरी बाया वाचवल्या होत्या. इथं त्या दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकायला आल्या होत्या, एवढंच.

आनंदराजनं शिवमूर्तींना फोन लावला. “सर, मॅडमला हात लावू द्या.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? परवानगी चौदापासून आहे. चौकशी लागली तर त्यांचं प्रशिक्षण जाईल, तिकडची नोकरी जाईल. मी निघालोय, पाऊण तासात पोचतो.”

“पोरगी जाईल हो माझी, सर.”

“निघालोय म्हणतो ना.”

निघालोय म्हणे! पाऊण तासानं येऊन काय करणार होते, प्रेत बघणार? आनंदराजला डॉक्टरांचा राग आला, कौन्सिलचा आला, आणि शेवटी सगळा राग फिरून स्वतःवरच आला. कुणी जबरदस्ती केली नव्हती त्याला. आपल्याच हातानं, आपल्याच हौसेनं त्यानं ती तारीख लिहिली होती. स्वतःचं थोबाड फोडून घ्यावं असं त्याला वाटलं.

तो दाराशी गेला. मोडकंतोडकं हिंदी बाईंना कळायचं. “मॅडम, साब का फोन था. बोले, करो. कागज का मैं देखतूं.”

बाईंनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. कागदाच्या बाबतीत ह्या माणसाचा शब्द अखेरचा, हे त्यांना आठ दिवसांत कळलं होतं. त्या हातमोजे चढवत आत गेल्या.

बाकावर त्याची बायको धुरपताबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. “साहेब काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“हाव म्हणाले.” बायकोशीही तो खोटंच बोलला.

आत बाईंनी मूठ घालून गर्भाशय दाबून धरलं होतं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. बाहेर आनंदराज दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा. मग पारूबाई बाहेर आली. “थांबलं, भाऊ. जीव हाय.” तो तिथंच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

शिवमूर्ती आले, तेव्हा विशाखाची नाडी ठिकाणावर आली होती. तिला तपासून त्यांनी बाईंना विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?” बाईंनी आनंदराजकडं बोट केलं.

त्यानं हात जोडले. “मी खोटं बोललो, सर. मॅडमचा दोष न्हाई. जे करायचं ते माझं करा.”

“तुमचं काय करणार? परवानगीवर नाव ह्यांचं आहे.”

त्यांनी बाईंना इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. हातमोजे उतरवून, हात धुऊन त्या आनंदराजसमोर आल्या आणि तुटक्या हिंदीत सावकाश बोलल्या, त्याचा अर्थ एवढाच:

“तुम्ही खरं सांगितलं असतं, तरी मी आत गेले असते. पण मग ते मी ठरवलं असतं.”

आतून विशाखानं आईला हाक मारली. धुरपताबाई लगबगीनं आत गेली. आनंदराजच्या जिवात जीव आला, पण मान वर करून डॉक्टरबाईंकडं बघणं काही त्याला जमलं नाही.