घटाखालचं रजिस्टर

फुटबॉलचे मुज्तबा सर कॉलेज सोडून लातूरला जाणार, ही गोष्ट सिंधूच्या कानावर पहिल्यांदा आली ती गोलाची जाळी शिवताना. नांदेडच्या त्या कॉलेजात ती जिमखान्याची सेवक होती. चेंडू काढून देणं, जर्सी धुऊन वाळत घालणं, फाटक्या जाळ्यांना गाठी मारणं हे तिचं काम. समोर अकरम बसला होता. स्टेडियमजवळ त्याचं चेंडू शिवायचं दुकान होतं आणि महिन्यातून एकदा तो चेंडूंच्या आतले ब्लॅडर बदलायला यायचा. सुईत दोरा ओवता ओवता त्यानं सहज सांगून टाकलं की लातूरच्या एका कॉलेजानं नवं मैदान केलंय, फुटबॉलला कायमचा माणूस घेऊन राहिलेत, आणि अकरा वर्षं मानधनावर काढलेला माणूस इथं कशाच्या आशेवर थांबेल?

सिंधू म्हणाली, सर तसे नाहीत. म्हणाली खरं, पण त्या दिवशी मारलेल्या गाठी तिला दुसऱ्या दिवशी सोडून पुन्हा माराव्या लागल्या.

तिचं सगळं या सरांवर टांगलेलं होतं. लेक सुकन्या बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला, मुलींच्या संघाची गोलकीपर. डिसेंबरात विद्यापीठाचा संघ मोठ्या स्पर्धेला जाणार होता. त्यात खेळली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. इकडे सिंधूचे दीर अण्णाराव यांनी अहमदपूरचं स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा मार्केट यार्डात, घरी दहा एकर, नाव ठेवायला जागा नाही. जूनमध्येच सुपारी फोडायची त्यांची तयारी होती. तेव्हा सर स्वतः घरी आले, सतरंजीवर बसले आणि अण्णारावांना म्हणाले, "डिसेंबरपर्यंत पोरगी माझी जबाबदारी." अण्णाराव शब्दाला मानणारा माणूस. ते उठून गावी गेले. आता शब्द देणाराच निघाला तर शब्द कुणाच्या जिवावर उभा राहणार?

सहा वर्षांपूर्वीच्या भूकंपात औशाकडचं तिचं घर बसलं आणि त्यात नवरा गेला. भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर ही नोकरी मिळाली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी ती कधी चुकवत नसे, आणि दिवा लावल्याशिवाय रोज तोंडात पाणी घेत नसे. गेलेल्या माणसाबद्दल तिची देवाकडे तक्रार नव्हती. राहिलेल्या माणसांवर मात्र तिची नजर असायची.

त्या नजरेला आता सगळं दिसायला लागलं. दर गुरुवारी सर पहिल्या एसटीनं जातात आणि संध्याकाळी परत येतात. कुठं जातात ते कुणाला सांगत नाहीत. जाताना हातात जड पिशवी असते, येताना रिकामी. सराव चालू असताना मध्येच मैदानाकडं बघत उभे राहतात, जणू काही मोजून राहिलेत. पूर्वी पोरींवर ओरडायचे, हल्ली ओरडत नाहीत. ज्याला निघायचंय तो कशाला ओरडेल, असं तिनं मनाशी धरलं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सरांनी तिच्याकडं संघाचं रजिस्टर मागितलं. तीन वर्षांत झालेली एक ना एक मॅच त्यात होती. कोण खेळलं, कुणाविरुद्ध, खाली सरांची सही आणि कॉलेजचा शिक्का. झेरॉक्स काढायची आहे म्हणाले. कशासाठी, ते बोलले नाहीत.

सिंधूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मानधनावरच्या माणसाचं ऑफिसात नावसुद्धा धड सापडत नाही. सर इथं काम करत होते याचा पुरावा म्हणजे एवढं एकच रजिस्टर. हे लातूरवाल्यांना दाखवायला पाहिजे असणार. रजिस्टर नाही तर लातूर नाही.

"ऑडिटला गेलंय, सर," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं ते तिच्या तोंडून इतकं हळू निघालं की सरांनी पुन्हा विचारलं आणि तिला ते दोनदा बोलावं लागलं.

संध्याकाळी धुवायच्या जर्सींखाली घालून तिनं ते घरी नेलं. एका खोलीचं घर, लपवायला जागा कुठली? एक लोखंडी ट्रंक होती. त्यात तळाशी रजिस्टर ठेवलं, कडी लावली. आणि सकाळी नेहमीप्रमाणे त्याच ट्रंकेवर लाल कापड अंथरून, पत्रावळीवर माती पसरून तिनं घट बसवला, शेजारी अखंड दिवा लावला. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. नऊ दिवस आता देवीच राखण करील, असं तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर थोडी लाजही वाटली.

मंगळवारी सर पुन्हा आले. ऑफिसात चौकशी केली होती. ऑडिट वगैरे काही नव्हतं. "बघा जरा, ताई," एवढंच म्हणाले आणि गेले. चिडले नाहीत. याचाच सिंधूला जास्त संशय आला. हक्काची वस्तू मागणारा माणूस चिडतो. हा का चिडत नाही?

बुधवारी अण्णारावांचा ऑफिसात फोन आला. अकरमनं पसरवलेली गोष्ट अहमदपूरपर्यंत पोचली होती. मास्तर चाललं म्हणे, मग आता कशाची वाट बघायची. रविवारी येतो, दसऱ्याला सुपारी फोडू, असं त्यांनी सांगितलं. सिंधूनं रजा टाकली, दिव्याचं तेल सुकन्येवर सोपवलं, आणि गुरुवारी सकाळी लातूरच्या एसटीत जाऊन बसली. एकदाचं डोळ्यांनी बघायचं, मग अण्णारावांशी काय ते बोलायचं.

मैदान सापडायला वेळ लागला नाही. फाटकावर बसलिंगप्पा नावाचा वॉचमन होता.

"नांदेडचे सर? हाव, येतात की दर गुरुवारी," तो म्हणाला. "मागच्या खेपेला गोल कुठं रोवायचा ते पावलांनी मोजून गेले. आज न्हाई आले. घरी विचारा, त्यांची बायको हितंच मागल्या गल्लीत राहते."

बायको लातूरला? म्हणजे बिऱ्हाडसुद्धा हललं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

गल्लीत दारोदारी क्लासच्या पाट्या होत्या. प्रत्येक घरात तीन-तीन, चार-चार खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक आई. कुणी नायगावची, कुणी उदगीरची. पोराला डॉक्टर करायचं म्हणून दोन वर्षांसाठी घरदार सोडून स्टोव्ह घेऊन आलेल्या बायका. सरांची बायको वहिदाभाभी अशाच एका खोलीत पोळ्या लाटत होती. सिंधूला बघून ती आधी घाबरलीच. यांना काही झालं का, म्हणाली. मग हसली, चादर झटकून तिला बसवलं. लेक कशिश अकरावीला, क्लासला गेलेली. जूनपासून दोघी इथं होत्या. सर दर गुरुवारी पीठ, डाळ, तेल घेऊन येत. लोक म्हणतील मानधनावरचा माणूस आणि लेकीला लातूरला ठेवतोय, म्हणून त्यांनी कुठं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"नवरात्राचा उपवास ना तुमचा?" वहिदा म्हणाली. "केळी आणलीत. तिथं ठेवलीत, तुम्हीच घ्या. मी हात नाही लावत."

"हातानंच द्या भाभी," सिंधू म्हणाली.

केळं खाता खाता ती मूळ गोष्टीवर कशी यावी याचा विचार करत होती, तर वहिदाच पुढं सरकून हळूच विचारू लागली.

"ताई, खरं सांगा. तुम्हाला काही बोलले का हो? इथल्या कॉलेजनं बोलावलंय त्यांना. माझ्याजवळ विषय काढला की पाणी मागतात, बाहेर जातात. मला तर वाटतं हे येणारच नाहीत. त्या पोरींना सोडून यायचं त्यांच्या मनात नाही."

एकाच माणसाच्या दोन टोकांना दोन बायका संशय धरून बसल्या होत्या; एकीला वाटत होतं तो जाईल, दुसरीला वाटत होतं तो येणार नाही.

"आज का नाही आले?" तिनं विचारलं.

"काल घरमालकांच्या फोनवर फोन आला होता. पोरींचे फॉर्म म्हणे शनिवारपर्यंत द्यायचेत. विद्यापीठानं या वर्षी नवीन काढलंय, तीन वर्षांच्या खेळाचा पुरावा लागतो. आणि ते रजिस्टर कुठं सापडेना. रात्रभर झोपले नाहीत म्हणाले."

सिंधूच्या हातातलं अर्धं केळं तसंच राहिलं.

परतीच्या वाटेवर अहमदपूरला गाडी अर्धा तास थांबली. लोक चहाला उतरले. ती खिडकीशी बसून होती. रजिस्टर ट्रंकेत, ट्रंकेवर घट, आणि शनिवार परवावर. आपण सरांची वाट अडवायला गेलो आणि लेकीच्याच वाटेवर दगड ठेवला. देवीला राखणीला बसवलं ते कशाच्या?

शुक्रवारी पहाटे अंघोळ करून तिनं सुकन्येला सगळं सांगितलं. सुकन्या आईकडं नुसती बघत राहिली, आणि ते बघणं सिंधूला बोलण्यापेक्षा जड गेलं. घरमालकीण तुळजाबाई सकाळची फुलं द्यायला आली होती. सत्तरी उलटलेली, देवाधर्माची पक्की. घट हलवला तर काय होतं, असं सिंधूनं तिला विचारलं.

"काय व्हायचंय?" तुळजाबाई म्हणाली. "तुमच्याकडं सगळं गाव हललं, देव्हाऱ्यासकट. तव्हा कुणी देवीला इचारलं व्हतं का? तू निदान इचारून हलवून राहिलीस."

सिंधूनं देवीपुढं नाक घासलं. आपण खोटं बोललो ते तिनं मोठ्यानं, सुकन्येच्या देखत सांगितलं. मग दिवा आपल्या हातात घेतला आणि पदराचा आडोसा धरला. पाण्यानं भरलेला घट, माती, दोन बोटं वर आलेले पिवळसर अंकुर, पाच दिवसांच्या माळा, सगळं पत्रावळीसकट सुकन्येनं उचललं; उंचावरून आलेला चेंडू छातीशी घ्यावा तसं, श्वास रोखून. तुळजाबाईनं पाट सरकवला. एक माळ घसरली. पाणी सांडलं नाही, आणि दिवाही विझला नाही.

कॉलेज उघडताच सिंधूनं रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेवलं. कुठं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. सर पानं चाळत होते. शेवटच्या पानावर येऊन म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"मग रागावला का न्हाई? फॉर्मसाठी पाहिजे, असं तरी सांगायचं."

"काय तोंडानं सांगू, ताई? शनिवारी मी ते माझ्यासाठीच मागितलं होतं. मंगळवारी विद्यापीठाचं पत्र आलं, तेव्हा पोरींसाठी मागितलं. तुम्ही खरं मानलं असतं का?"

तिनं मानलं नसतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"जाणार तुम्ही?"

"जानेवारीत," सर म्हणाले. "स्पर्धा झाली की. अजून तुमच्या भाभीलाही सांगितलेलं नाही. ती तिथं एकटी, मी इथं. किती दिवस गुरुवार धरणार?"

सिंधूचा संशय खरा निघाला होता, पण त्यात जिंकल्यासारखं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, रविवारी दीर येणार आहेत. शब्द माझ्या घरात दिला होता, तर जे असेल ते माझ्या घरातच येऊन सांगा.

शनिवारी दुपारी फॉर्म विद्यापीठात पोचले. रविवारी सर आले. अण्णाराव खाटेवर बसले होते, नारळ आणि सुपारीची पिशवी मांडीशी. सरांनी आडवळण घेतलं नाही. स्पर्धेपर्यंत मी आहे, जानेवारीत लातूरला जाणार, हे सरळ सांगून टाकलं.

अण्णारावांनी डोळे बारीक केले. "जाणाऱ्या माणसाचा शब्द कशाला धरायचा? उद्या डिसेंबरातच त्यांनी बोलावलं तर?"

खरंच, बोलावलं तर? सिंधूनंही त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला तिथं ठाम असं काही दिसलं नाही. इतके दिवस आपण या माणसाच्या शब्दाआड उभ्या होतो, हे तिच्या ध्यानात आलं. अण्णारावांपुढं आवाज चढवणं तिला जमणार नव्हतं. तिनं चहाचा कप खाटेवर ठेवला आणि नेहमीच्याच हळू आवाजात बोलली.

"सरांचं राहू द्या भावजी. माझा शब्द घ्या. भरतीचा निकाल लागेपर्यंत सुपारी फुटायची न्हाई. दसऱ्याला न्हाई अन् डिसेंबर झाल्यावरबी न्हाई. पाहुण्यांना थांबवत नसलं तर दुसरी पोरगी बघा म्हणावं."

"वहिनी, हे कोण शिकवून राहिलं तुम्हाला?" अण्णारावांनी आधी सरांकडं, मग सुकन्येकडं बघितलं. "आन् तुम्हीच शब्द फिरवला तर?"

"फिरवला तर या की विचारायला. मी कुठं लातूरला चालले?"

सरांनी मान खाली घातली. सुकन्येला हसू आलं, तिनं ते ओढणीत लपवलं. पटलं, असं अण्णाराव काही म्हणाले नाहीत. पिशवी तेवढी मांडीशी होती ती त्यांनी पायाशी ठेवली.

"कुठं हाय म्हणे ती स्पर्धा?" त्यांनी पुतणीला विचारलं.

सुकन्येनं गावाचं नाव सांगितलं.

"लई लांब हाय," ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.